स्वस्त लेन्स : प्लास्टिकची म्हणून टाकाऊ नव्हे

कपड्याच्या धंद्यात पूर्वी माल बोटांनी पाहिला जात असे. गिऱ्हाईक गादीवर यायचे, थान उलगडले जायचे, काठ चिमटीत धरून पोत पाहिला जायचा आणि मग भावाची गोष्ट निघायची. आज भिवंडीचा नि मालेगावचा माल गावोगाव मोबाईलच्या पडद्यावर पाहिला जातो. पडद्यावर डाळिंबी दिसलेला रंग हातात विटकरी निघाला की माल परत येतो. परतीचे भाडे, घडी मोडलेला नग आणि गिऱ्हाईकाची नाराजी, तिन्ही विकणाऱ्याच्याच खाती जमा होतात. त्यामुळे फोटोचा खर्च हा आता शौकाचा राहिला नाही, तो पॅकिंग आणि भाड्याइतकाच धंद्याचा खर्च झाला आहे. दर्जी, जरीकाम करणारे, बॅगा-चपला बनविणारे कारागीर यांनाही हेच लागू आहे.

या विषयावर लिहिण्याचे निमित्त मात्र पोशेऱ्याचे. जव्हार-मोखाडा भागात माझे मालाच्या निमित्ताने येणे-जाणे असते. मोखाडा तालुक्यातील पोशेरा येथला एक तरुण लग्नाचे फोटो काढतो आणि अधूनमधून आमच्या मालाचेही काढून देतो. त्याच्याजवळ कॅनन कंपनीचा एक जुना कॅमेरा आणि त्याच्याबरोबर मिळालेली १८-५५ची साधी लेन्स आहे. त्याने विचारले, "चाचा, पन्नास मिलीमीटरची एफ १.८ लेन्स घ्यावी म्हणतो. पण हातात घेतली तर खेळण्यासारखी लागते. अख्खी प्लास्टिक. एका सीझनमध्ये मोडली तर काय करू?" त्याचा प्रश्न रास्त होता. लग्नसराईचे तीन महिने हीच त्याची वर्षाची कमाई, दुसरी लेन्स घ्यायची ऐपत नाही, आणि भर मांडवात लेन्स बंद पडली तर बयाणा परत करून वर बोल ऐकावे लागतील. म्हणून ही लेन्स हाताळायला कशी, बांधणीला कशी आणि कोणत्या कामाला उपयोगी, हे मला समजले तसे मांडतो.

प्रथम हे पाहू की ही लेन्स स्वस्त का. स्वस्त वस्तू म्हटली की व्यापाऱ्याच्या मनात पहिली शंका मालात खोट असल्याची येते. येथे तसे नाही. या लेन्समधील काचांची रचना फार जुनी आहे. जर्मनीच्या झाइस कंपनीत पाउल रुडोल्फ यांनी १८९६ मध्ये प्लानार नावाची लेन्स तयार केली, तिच्याच घराण्यातली ही. कॅननच्या लेन्समध्ये पाच गटांत मिळून सहा काचा आहेत, बस्स. झूम नाही, हात हलला तर सांभाळून घेणारी यंत्रणा नाही. शिवाय फिल्मच्या जमान्यात नव्या कॅमेऱ्याबरोबर बहुधा पन्नासचीच लेन्स मिळत असे, त्यामुळे ती लाखांच्या संख्येने बनत आली. सुधारून सुधारून पक्का झालेला नमुना आणि मोठे उत्पादन, यामुळे भाव खाली आला. काचेत काटकसर फारशी नाही. काटकसर केली आहे ती खोक्यात, म्हणजे नळी, रिंग, मोटर आणि माऊंट यांत. कापडाच्या भाषेत सांगायचे तर सूत चांगले आहे, शिलाई साधी आहे.

आता त्या शिलाईकडे येऊ. कॅननने १९८७ मध्ये ५० मिलीमीटर एफ १.८ची पहिली ऑटोफोकस लेन्स काढली. तिचा माऊंट, म्हणजे कॅमेऱ्यात फिरवून बसवायचा भाग, धातूचा होता आणि अंतराचे आकडे दाखविणारी खिडकी होती. वजन १९० ग्रॅम. पुढे १९९० मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली तेव्हा कंपनीने माऊंट प्लास्टिकचा केला, खिडकी काढून टाकली आणि वजन १३० ग्रॅमवर आणले. हीच ती दुसऱ्या नंबरची लेन्स, जी पंचवीस वर्षे विकली गेली आणि आजही जुन्या बाजारात ढिगाने मिळते. २०१५ मध्ये एसटीएम नावाची आवृत्ती आली. तिचा माऊंट पुन्हा धातूचा झाला आणि वजन १६० ग्रॅमच्या आसपास राहिले. काचांची संख्या तिन्हींत सहाच.

बहुतेक लोक माऊंट प्लास्टिकचा की धातूचा, एवढ्यावरच पारख करतात. माझ्या मते ही अर्धी पारख झाली. माऊंटवर ताण किती येतो हे लेन्सच्या वजनावर आणि लांबीवर ठरते. एक किलोची लांब लेन्स प्लास्टिकच्या माऊंटवर टांगणे वेडेपणाचे आहे, पण १३० ग्रॅमची, चार-साडेचार सेंटिमीटर लांबीची लेन्स त्यावर आरामात राहते. रोज काढघाल केली तर प्लास्टिकची कड झिजते हे खरे. परंतु ज्याच्याजवळ एकच कॅमेरा आणि दोनच लेन्स आहेत त्याची काढघाल ती कितीशी होणार? या दुसऱ्या नंबरच्या लेन्सची खरी कमजोर जागा माऊंट नसून पुढची नळी आहे. फोकस होताना आतला काचांचा भाग पुढे-मागे सरकतो आणि तो आत प्लास्टिकच्या लहान आकड्यांवर पेललेला असतो. तोंडावर ठोसा बसला की ते आकडे सुटतात आणि लेन्सचे सरळ दोन तुकडे होतात. हा तिचा जगभर माहीत असलेला दोष आहे. काही हुशार कारागीर तुकडे पुन्हा चेपून बसवितात आणि कधी कधी ती चालतेही, पण काचा एका रेषेत बसल्या की नाही याची खात्री राहत नाही. दुरुस्तीची मजुरी जुन्या नगाच्या किमतीजवळ जाते, म्हणून अशी लेन्स तुटली की गेली असेच धरून चालावे.

हाताळणीतही तिच्या काही खोडी आहेत. हाताने फोकस करण्याची रिंग अगदी तोंडाशी, बोटभरही रुंद नाही, आणि ती फिरविण्यापूर्वी बाजूचे बटण एमएफवर आणावेच लागते. बटण एएफवर असताना जोराने रिंग फिरवली तर आतली चाके घासतात. लेन्स बंद पडण्याचे हे एक मोठे कारण आहे आणि तो दोष वापरणाऱ्याचा, मालाचा नव्हे. मोटरचा आवाजही चांगला घरघरीत आहे. लग्नाच्या फोटोला त्याने बिघडत नाही, पण व्हिडिओ काढताना तो आवाज कॅमेऱ्याच्या मायक्रोफोनमध्ये स्पष्ट येतो.

एसटीएममध्ये यातल्या बऱ्याच गोष्टी सुधारल्या. मोटर शांत झाली, रिंग रुंद झाली, आणि जवळच्या फोकसचे अंतर ४५ सेंटिमीटरवरून ३५ सेंटिमीटरवर आले. कापडवाल्यांसाठी हा शेवटचा बदल मोलाचा आहे. जुन्या लेन्सने कॅननच्या साध्या कॅमेऱ्यावर सर्वात जवळून फोटो घेतला तर साधारण पंधरा सेंटिमीटर रुंदीचे कापड चौकटीत येते. एसटीएमने साडेदहा सेंटिमीटर येते. तेवढ्या फरकाने काठाची वीण, जरीचा तार, इकतची किनार गिऱ्हाईकाला नीट दिसते. मात्र तिची रिंग विजेवर चालते. कॅमेरा बंद असेल तर ती नुसती फिरत राहते, आत काहीच हलत नाही. आणि एक सवय लावून घ्यावी. फोकसमुळे नळी पुढे आलेली असते, ती आत जाऊ द्यावी आणि मगच कॅमेरा बंद करून पिशवीत ठेवावा. पुढे आलेल्या नळीवर दाब बसला तर मोटरच्या नाजूक दात्यांवर तो बसतो.

दोन्ही लेन्सना हूड लावावा, हे मी प्रत्येकाला सांगतो. लोक समजतात की हूड फक्त ऊन अडविण्यासाठी. स्वस्त लेन्सवर त्याचे मोठे काम धक्का झेलणे हे आहे. मांडवात कोणाचे कोपर लागले, मोटारसायकलवर पिशवी खांबाला घासली, तर मार आधी हूडला बसतो. हूड काहीशे रुपयांचा आहे, तुटला तर दुसरा येतो.

निकॉनवाल्यांची गोष्ट थोडी निराळी. त्यांची ५० मिलीमीटर एफ १.८ डी ही २००२ पासूनची लेन्स. धातूचा माऊंट, १५५ ग्रॅम वजन, छिद्र लहान-मोठे करण्याची रिंग लेन्सवरच, आणि अंतराचे आकडेही आहेत. बांधणीत ती कॅननच्या दुसऱ्या नंबरपेक्षा सरस, यात वाद नाही. पण तिच्यात स्वतःची मोटर नाही. फोकस करणारी मोटर कॅमेऱ्यात असावी लागते आणि निकॉनच्या डी ३००० व डी ५००० या मालिकांतल्या स्वस्त कॅमेऱ्यांत ती नाही. दुकानदार "निकॉनची आहे, बसेल" म्हणून गळ्यात मारतो आणि ती बसतेही, फक्त फोकस हाताने करावा लागतो. डी ९० किंवा डी ७००० असेल तर अडचण नाही. साध्या कॅमेऱ्यासाठी २०११ ची एएफ-एस जी आवृत्ती घ्यावी. तिच्यात मोटर आहे, वजन १८५ ग्रॅम आहे आणि माऊंटभोवती धूळ-पाणी अडविणारा रबरी कठडा आहे. डी लेन्सवर कॅमेऱ्याने एफईई अशा अक्षरांची चूक दाखविली तर घाबरू नये, रिंग २२ या आकड्यावर आणून कुलूप लावले की ती जाते. चिनी योंगनुओ कंपनीने २०१४ मध्ये कॅननच्या दुसऱ्या नंबरची जवळजवळ नक्कल काढली. ती आणखी स्वस्त पडते, पण घ्यायची तर स्वतः तपासून आणि स्वतःच्या कॅमेऱ्यावर लावूनच घ्यावी.

मग या पन्नासच्या लेन्सने नेमके मिळते काय? प्रकाश. १८-५५ ची लेन्स ५५ वर नेली की तिचे तोंड एफ ५.६ पेक्षा जास्त उघडत नाही. एफ १.८ वर आत येणारा प्रकाश त्याच्या जवळजवळ दहापट असतो. पोशेऱ्याच्या तरुणाचे काम पाहा. जव्हार-मोखाड्याचा बोहाडा रात्रीचा, मशाली-टेंभ्यांच्या उजेडात, देवदेवतांचे मुखवटे घालून सोंगे नाचतात. नाचणारा थांबत नाही, आणि फ्लॅश मारला तर मुखवट्याचा रंग सपाट होऊन मशालीचा तांबूस उजेड मरतो. तेथे साध्या लेन्सला एक तीसांश सेकंद शटर ठेवावे लागत असेल तर पन्नासच्या लेन्सला एफ २ वर एक अडीचशांश मिळते. पहिल्यात नुसता रंगाचा फराटा येतो, दुसऱ्यात मुखवटा ओळखू येतो. या कामासाठी तेवढ्या पैशात दुसरे काही नाही, असे मी त्याला स्पष्ट सांगितले.

कापडाच्या फोटोला मात्र उलटा हिशेब आहे, आणि येथेच आमचे व्यापारी बांधव फसतात. एफ १.८ ची लेन्स आणली म्हणजे ती सतत एफ १.८ वरच चालवायची असा समज होतो. एक मीटरवरून एफ १.८ वर फोटो काढला तर जेमतेम पावणेतीन सेंटिमीटर खोलीचा भाग स्वच्छ येतो. म्हणजे साडीच्या निऱ्या पसरून ठेवल्या तर पहिली निरी दिसेल आणि चौथी धुक्यात जाईल. तीच लेन्स एफ ८ वर नेली की ही खोली बारा सेंटिमीटरच्या आसपास जाते आणि चारही कोपरे कसदार येतात. म्हणून मालाचे फोटो एफ ५.६ ते ८ वर, कॅमेरा तिपाईवर ठेवून काढावेत. कापड हलत नाही, त्याला सावकाश शटरची भीती नाही. ट्यूबलाईटखाली शटर एक पन्नासांश किंवा त्याहून सावकाश ठेवावे, नाही तर एका फोटोत पिवळट आणि दुसऱ्यात निळसर झाक येऊन तोच रंग दोन रंगांचा दिसतो. बारीक चौकडीच्या किंवा दाट विणीच्या कापडावर कधी कधी पाण्याच्या लाटांसारखे रंगीत पट्टे उमटतात. तो ना कापडाचा दोष, ना लेन्सचा. सुताची वीण आणि कॅमेऱ्यातील बारीक चौकटी यांची टक्कर होते. कॅमेरा हातभर पुढे-मागे केला किंवा जरा तिरपा केला की पट्टे जातात.

दुसरी अडचण जागेची. स्वस्त कॅमेऱ्याचा सेन्सर लहान असतो, त्यामुळे त्यावर पन्नासची लेन्स कॅननवर ऐंशीसारखी आणि निकॉनवर पंचाहत्तरसारखी वागते. दोन मीटर उंचीचा पुतळा, साडी नेसवलेला, डोक्यापासून पायापर्यंत चौकटीत घ्यायचा तर साडेचार मीटर मागे सरकावे लागते. म्हणजे पंधरा फूट, वर उभे राहायची जागा वेगळी. आमच्यातल्या किती जणांच्या गाळ्याला पंधरा फुटांची मोकळी लांबी आहे? भिंतीला पाठ लावूनही पुतळ्याचे पाय कापले जातात, आणि मग लेन्सला बोल लावला जातो. दुकान लहान असेल आणि निकॉनचा लहान सेन्सरचा कॅमेरा असेल तर ३५ मिलीमीटर एफ १.८ जी घ्यावी, तिला तेवढ्याच कामाला तीन मीटर पुरतात. कॅननवर २४ मिलीमीटर एफ २.८ ही चपटी लेन्स त्याहून कमी जागेत काम भागवते. शर्टपीस, दुपट्टे, जरीचे तुकडे, चपला, पितळी भांडी असा टेबलावर मावणारा माल असेल तर पन्नासच उत्तम. तिने कडा वाकत नाहीत, काठ सरळ रेषेत राहतो.

खरेदीविषयी थोडे. मुंबईत फोर्टमधील बोरा बझारच्या गल्लीत नवा-जुना दोन्ही माल मिळतो. एसटीएम नवी घेतली तर दहा हजारांच्या आसपास जाते, जुनी त्याहून बरीच खाली. बिलाचा आणि बिनबिलाचा असे दोन भाव सांगितले जातात. बिनबिलाच्या मालाला कंपनीची वॉरंटी मिळत नाही. ज्याची रोजी त्या लेन्सवर आहे त्याने दोन पैसे जास्त देऊन बिल घ्यावे, असे माझे मत आहे.

जुनी घेताना लेन्स कानाशी धरून हळूच हलवावी, आत खडखड आवाज आला तर परत करावी. मागून टॉर्च मारून पुढून पाहावे. धुळीचे दोन-चार कण चालतात, पण कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी, मग भाव कितीही कमी असो, घेऊ नये. छिद्राच्या पात्यांवर तेलाचा ओशटपणा असेल तर पाती वेळेवर मिटत नाहीत. शेवटची तपासणी मला फार आवडते, कारण तिला लागणारे सामान आपल्याच दुकानात आहे. चौकडीची एक लुंगी भिंतीवर ताणून लावावी, कॅमेरा तिच्या बरोबर समोर तिपाईवर ठेवावा आणि एफ २.८ वर फोटो काढून चारही कोपरे मोठे करून पाहावेत. तीन कोपऱ्यांत चौकडी स्वच्छ आणि एकात पुसट असेल तर कॅमेरा तिरपा नाही ना हे पाहून पुन्हा एक फोटो घ्यावा. पुन्हा तोच कोपरा पुसट आला तर आतली काच तिरपी बसली आहे, म्हणजे ती लेन्स कधी तरी पडलेली आहे. विकणारा काहीही म्हणो, लुंगी खोटे बोलत नाही.

आज कॅनन आणि निकॉन या दोन्ही कंपन्यांचा भर मिररलेस कॅमेऱ्यांवर आहे. कॅननची त्यासाठीची ५० मिलीमीटर एफ १.८ आरएफ लेन्स २०२० मध्ये आली. पण जुन्या एसटीएमचे पैसे वाया जात नाहीत, कंपनीच्या अडॉप्टरवर ती नव्या कॅमेऱ्यालाही ऑटोफोकससह चालते. निकॉनच्या डी लेन्सला ही सोय नाही, एफटीझेड अडॉप्टरवर तिचा फोकस हातानेच करावा लागतो. पुढे कॅमेरा बदलण्याचा विचार असणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवून पैसे घालावेत.

राहिली निगा. लूमच्या शेडमध्ये किंवा कापडाच्या गोदामात हवेत सुताचे तंतू तरंगत असतात. नळी पुढे-मागे सरकणारी लेन्स भात्यासारखी हवा आत ओढते आणि तिच्याबरोबर तंतूही. म्हणून शेडमध्ये लेन्स बदलू नये, बाहेर येऊन बदलावी. काच पुसायला दुकानातले नवे कापड उचलू नये, त्यात खळ असते आणि ती काचेवर ओरखडे नि डाग पाडते. रबरी फुंकणीने आधी धूळ उडवावी, मग मायक्रोफायबरचे फडके किंवा सात-आठ वेळा धुऊन खळ गेलेली मऊ मलमल वापरावी.

पावसाळा ही स्वस्त-महाग सर्व लेन्सची कसोटी. जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात पाऊस लागला की भिंतींना ओल येते, बंद पेटीतल्या कपड्याला बुरशीचे ठिपके पडतात, हे तिकडच्या प्रत्येक दुकानदाराला ठाऊक आहे. जी बुरशी कापडावर येते तशीच काचेवरही धरते, आणि एकदा काचेचा लेप खाल्ला की पुसून जात नाही. चामड्याच्या किंवा कापडी पिशवीत लेन्स ठेवून कपाट बंद करणे हा बुरशीला आमंत्रण देण्याचा प्रकार आहे. झाकण घट्ट बसणारा प्लास्टिकचा डबा घ्यावा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि दोनशे-तीनशे रुपयांचा आर्द्रतेचा काटा ठेवावा. काटा ४० ते ५० च्या दरम्यान राहिला म्हणजे बरे. रंग बदलणारे जेल घेतल्यास ते कधी भिजले ते समजते. निळे जेल गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर, धूर न होऊ देता, पुन्हा निळे होईपर्यंत तापवावे आणि थंड झाल्यावरच डब्यात टाकावे. हा तवा स्वयंपाकाचा नसावा. पावसाळ्यात काम नसले तरी आठवड्यातून एकदा लेन्स बाहेर काढून कॅमेऱ्याला लावावी आणि खिडकीतल्या उजेडात दहा-वीस फोटो काढून पुन्हा डब्यात ठेवावी.